फौजेतली गाडी, भाड्याची गाडी

वाचक विचारतात, माजी सुभेदार सांगतात

पत्र पहिलं

सुभेदार साहेब, जयहिंद. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर, हवालदार. गाव पारोळा तालुक्यात. मार्चअखेर पेन्शनवर येतोय. अडीच टनीपासून स्टॅलियनपर्यंत सगळं चालवलं, लेहची बर्फातली ड्युटीही केली. घरी बसून राहणं जमणार नाही. मेहुणा म्हणतो, फंडाचे पैसे येतील त्यात दहा चाकी घे, केळीला भाडं कायम असतं. डीलरचा तर दर आठवड्याला फोन. मिलिटरी लायसन बाहेर चालतं का? गाडी आत्ताच घेऊ का? आणि उरलेल्या महिन्यांत तयारी काय करू?

उत्तर

हवालदार साहेब, जयहिंद. तुमच्या तीन प्रश्नांत मधला सगळ्यात महागाचा आहे. त्याआधी लायसनचं उरकून टाकू.

मिलिटरी लायसन निघतं ते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८ खाली, आणि त्याच कलमात म्हटलंय की ते संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरतंच. वर्दी उतरली की त्यावर छोटा हत्तीसुद्धा चालवता येत नाही. पण कलम ९ तुमच्या कामाचं आहे. ज्या वर्गाची गाडी तुम्ही कलम १८ च्या लायसनवर चालवली, त्या वर्गासाठी चाचणीतून सूट मागता येते. मागायची तर हातात कागद पाहिजे. डिस्चार्ज बुकातली फौजी भाषा आरटीओतल्या खिडकीपलीकडच्या माणसाला कळेल अशी आशा धरू नका. युनिट सोडण्याआधी एक साधा दाखला घ्या: कोणत्या वर्गाच्या गाड्या, कोणत्या सालापासून, अपघात झाला की नाही. खाली अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. त्याच दाखल्यावर पुढे नोकरीही मिळते. ट्रान्सपोर्टच्या लायसनला फॉर्म १-अ वर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि दर पाच वर्षांनी ते लायसन नवं करावं लागतं. चाळिशी जवळ आली असेल तर डोळे आधीच तपासून घ्या. फौजेच्या मेडिकलला 'शेप वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आलात म्हणून रात्री समोरून येणाऱ्या एलईडीचा त्रास होत नाही असं नाही.

आता गाडी. माझं मत सरळ आहे. पहिलं वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवा, स्वतःची घेऊ नका. पगार कमी वाटेल, पोराच्या वयाचा मालक अरे-तुरे करेल, हवालदारीचा ताठा थोडा खुंटीला टांगावा लागेल. तरी चालवा.

स्टेअरिंग तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण फौजेत तुम्ही गाडी हाकत होता तेव्हा बाकीचं सगळं दुसरे बघत होते. डिझेल पीओएलवर, म्हणजे फौजेच्या इंधन डेपोवर, मिळायचं, टायर वर्कशॉपमधून यायचा, कुठे जायचं ते डिटेलमध्ये, म्हणजे ड्युटीच्या कागदावर, लिहिलेलं, रस्ता कॉन्व्हॉय कमांडरच्या डोक्यात, मुक्काम ट्रान्झिट कॅम्पात. माल कोणाचा, भाव काय ठरला, पैसे कधी येणार, हे प्रश्न तुम्हाला कधी पडलेच नाहीत. भाड्याच्या धंद्यात चालवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे थांबणं, घासाघीस करणं आणि लिहून घेणं. ते अंगवळणी पडायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष हप्त्याखाली काढू नये.

हिशेबच मांडू. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून डीलर तुमच्या मागे लागलेत. तरीही नवी दहा चाकी बॉडी, विमा, परवाना धरून पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते. समजा ३० लाख कर्ज काढलं, पाच वर्षांसाठी, १० टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता ६४ हजारांच्या आसपास येतो. आता मेहुण्याची केळी घ्या. सावदा-रावेरहून दिल्ली साधारण ११०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तर एका बाजूला २७५ लिटर, म्हणजे नव्वदच्या भावाने पंचवीस हजारांचं डिझेल. त्यावर टोल, भत्ता, क्लीनर, टायरची झीज. जातानाचं भाडं हे सगळं काढून थोडं उरवतं. पण खरी कमाई परतीच्या मालात, आणि परतीचा माल तुम्हाला तिकडे ओळखणारा एजंट देतो. ओळख नसेल तर दोन-तीन दिवस गाडी उभी, नाहीतर मिळेल त्या भाड्यात भरायची. खाली गाडी घेऊन सेंधव्यापर्यंत आलेली नवी माणसं मी दर हंगामात बघतो.

केळीचं भाडं 'कायम' असतं हेही अर्धंच खरं. मागणी हलली, उत्तरेत थंडी वाढली, की बागायतदाराचा भाव पडतो आणि त्याच्यासोबत गाडीवाल्याचाही. कापूस दिवाळीपासून होळीपर्यंत जोरात. पावसाळ्यात धुळ्याच्या ट्रान्सपोर्टनगरात गाड्या रांगेने उभ्या दिसतील. हप्ता मात्र पावसाळ्यात थांबत नाही. आमच्याकडचा एक जुना मालक म्हणायचा, 'गाडी मनी शे, पन चावी बँकनी शे.' म्हणजे गाडी माझी, पण चावी बँकेची.

आणि फंडाचे पैसे म्हणजे नेमके कोणते? ग्रॅच्युइटी, एजीआयएफ (फौजेचा गट विमा), रजेचे पैसे हे एक. कम्युटेशन वेगळं. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि विकलेला हिस्सा पंधरा वर्षं दरमहा कापला जातो. म्हणजे ते पैसे गाडीत घातले तर तुम्ही एकाच वेळी दोन हप्ते भरताय, एक बँकेला आणि एक स्वतःच्या म्हातारपणाला. घरात आधी बोला. मुलीचं शिक्षण, घराचा स्लॅब, आईचं औषधपाणी बाजूला काढून जे उरेल तेवढंच 'गाडीचं' समजा.

मग कोणी सांगेल जुनी घे, स्वस्तात पडते. दिल्लीच्या केळीसाठी घेत असाल तर इंजिन प्रदूषणाच्या कोणत्या मानकाचं (बीएस) आहे ते बघा. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना तिथे ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुभा आहे, त्यापुढे बीएस-६, सीएनजी, एलएनजी किंवा इलेक्ट्रिक. बीएस-४ गाड्या आत्ता स्वस्तात निघतायत त्याचं हेही एक कारण. आणि बीएस-६ घेतली तर ती तुमच्या जुन्या स्टॅलियनसारखी सोशिक नसते. युरिया, म्हणजे डीईएफ, संपला की इंजिनाचा दम कमी होतो. सायलेन्सरच्या फिल्टरचा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जळणं, पूर्ण होऊ द्यावं लागतं. दिवा दिसत असून 'पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो' म्हणणाऱ्याला वर्कशॉपचं बिल बघून घाम फुटतो.

आता लिहून घेण्याचं. यात फौजी माणूस हमखास फसतो, कारण त्याला वाटतं शिक्का मारला म्हणजे खरं. भाड्याचा मोठा हिस्सा निघताना मिळतो आणि बाकी रक्कम 'पोच' आणून दिल्यावर. पोच म्हणजे माल घेणाऱ्याने बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीच्या, प्रतीवर सही-शिक्का करून दिलेला कागद. जळगाव-बोदवडकडून कापसाच्या गाठी घेऊन तुम्ही गुजरातेतल्या गिरणीत गेलात. गेटवर तास दोन तास थांबलात, गाठी उतरल्या, मुनीमाने पाठीमागे बारीक अक्षरात काहीतरी खरडलं, शिक्का मारला, 'लो भाई'. तुम्ही घडी करून खिशात टाकला. धुळ्यात आल्यावर ट्रान्सपोर्टवाला उलटून वाचतो: चार गाठी ओल्या. लिहिलंय गुजरातीत. झालं, बाकीच्या रकमेतून कापले. म्हणून शिक्का बसायच्या आधी कागदाची मागची बाजू बघायची, गुजराती अंक ओळखायला शिकायचं (अवघड नाही, एका संध्याकाळचं काम), आणि गाठी ओल्या नव्हत्या तर तिथेच फोटो काढून ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवायचा. गाडी खाली होण्याआधी ताडपत्रीचाही फोटो घ्या. ताडपत्री कोरडी आणि रस्सा ताणलेला दिसला तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. रस्सा आवळण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, फौजेत शिकलेली गाठ इथे सोन्याची आहे.

वजनाचंही असंच. दहा चाकीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. रिकामी गाडी दहा टन धरली तर माल साडेअठरा टन. कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे १०८ गाठी. जिनिंगवाला म्हणेल, 'दादा, १२० टाका, सगळेच नेतात.' बारा गाठी म्हणजे दोन टन जास्त. सापडलात तर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवा. हाडाखेड किंवा नवापूरजवळ रस्त्यातच हमाल शोधून बारा गाठी उतरवायच्या, दुसरी गाडी बोलवायची, ताडपत्री परत बांधायची. दुसऱ्याची गाडी चालवताना 'मालकाने सांगितलं' हे उत्तर चालत नाही, कायदा चालवणाऱ्यालाही धरतो. काटा करूनच निघा आणि काट्याची पावती बिल्टीला टाचा.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद, तुम्ही ऐकलं असेल. ताज्या केळीला ते लागत नाही, जळगावच्या पीव्हीसी पाईपला लागतं. २०० किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब आहे. रस्त्यात गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यायची असते. फोन करून ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे लागणं तुमचं काम, कारण पकडली तर गाडी उभी राहते ती तुमच्यासकट.

एक गोष्ट मात्र बाहेर आल्यावर विसरू नका, आणि ती तुम्हाला बाकीच्यांपेक्षा चांगली येते. फर्स्ट परेड. सकाळी गाडीला फेरी मारून तेल, पाणी, हवा, नट, दिवे बघणं. बाहेर कोणी करत नाही, केलीत तर हसतील. हसू द्या. दुसरं, घाट. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून शिरपूरच्या बाजूला येताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे तुम्हाला भेटतील. तुम्हाला डोंगरात शिकवलंय की ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, इंजिनाने गाडी धरायची, ब्रेक राखून वापरायचा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापले की ब्रेक पकडत नाही, आणि वारंवार पाय मारून टाकीतली हवाही उतरते. जुलै २०२३ मध्ये याच पट्ट्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. मालक 'न्यूट्रल मार' म्हणाला तर ती नोकरी सोडा. सांगायला सोपं आहे हे मलाही कळतं, पण पेन्शन असलेल्या माणसाला ते परवडतं. बाकीच्या ड्रायव्हरांना परवडत नाही.

राहिले उरलेले महिने. डीजीआरचे (संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे) पुनर्वसन कोर्स निवृत्तीच्या आधीच करायचे असतात. मिळेल तो कोर्स उरकण्यापेक्षा लॉजिस्टिक्स किंवा डिझेल मेकॅनिकच्या जवळचं काही असेल तर तेच मागा. पुढच्या सुट्टीत घरी आलात की पाहुण्यारावळ्यांकडे कमी आणि धुळ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जास्त बसा. नुसतं बसायचं, चहा प्यायचा, भाडं कसं ठरतं ते ऐकायचं. एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरसोबत एक फेरी दुसऱ्या सीटवरून करा. फास्टॅगचा रिचार्ज, ऑनलाइन चलान बघणं, गाडीचे कागद मोबाइलवर उघडणं हे पोराकडून शिकून घ्या, लाजू नका. रस्ते नव्याने समजून घ्या: २०२३ मध्ये औट्रम घाटात अवजड गाड्यांना न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली, तेव्हापासून चाळीसगावहून संभाजीनगरच्या भाड्याचं गणितच बदललं. आणि गावी आल्या आल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत. ट्रकच्या नादात चालकाची सरकारी जाहिरात हुकली असं व्हायला नको.

वर्ष संपलं, चार एजंट नावाने ओळखू लागले, पावसाळ्यातही तुम्ही रिकामे बसला नाहीत, की मग मेहुण्याला सोबत घेऊन डीलरकडे जा. तोवर त्याचा फोन उचलायची गरज नाही.

पत्र दुसरं

आमचे 'हे' तोफखान्यात ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी पेन्शनवर आले. इतकी वर्षं लेकरं मीच वाढवली, आता परत ट्रकवर जाणार म्हणतात. महिना महिना घरी नसणार. शिवाय अपघात झाला तर ड्रायव्हरला दहा वर्षं कैद असा कायदा आलाय म्हणे. त्यांना कसं समजावू? — एक वाचक भगिनी, साक्री तालुका

उत्तर

ताई, त्यांना ट्रक सोडायला सांगू नका, लांबचा रस्ता सोडायला सांगा. ते ऐकतील.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून मालेगाव, धुळे, साक्रीकडच्या पंपांना टँकर जातात आणि बहुतेक फेऱ्या त्याच दिवशी परत येतात. या कामाला शिस्तीचा माणूस लागतो: आत बिडी नाही, मोबाइल नाही, सील तुटलेलं चालत नाही. फौजी माणसाला हे ओझं वाटत नाही. टँकर अर्धा रिकामा असताना आतलं डिझेल हेलकावतं आणि वळणावर गाडीला बाहेर ओढतं, तेवढं सांभाळायला पहिले काही दिवस कोणाच्या तरी हाताखाली राहावं लागेल. लायसनवर धोकादायक मालाची नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, आणि एका भारतीय भाषेसोबत इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं. दीपनगर वीजकेंद्राच्या राखेचे बल्कर (बंद टाकीचे ट्रक), शाळेची बस हेही घरी परतायचेच मार्ग आहेत.

कामाच्या तासांचं म्हणाल तर मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. लांबच्या गाडीवर तासांचा नियम किती पाळतात ते तुम्ही हायवेवर उभं राहून बघा. म्हणूनच जवळचं काम म्हणतोय.

कायद्याची भीती अर्धी बाजूला ठेवा. दहा वर्षांची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि ती निष्काळजीपणाने जीव घेऊन, कोणाला न कळवता पळून जाणाऱ्यासाठी आहे. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला तो याच्यावरून, आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम मागे ठेवलं गेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ मात्र जुनंच आहे, ते त्यांना पाठ करायला लावा. जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी चालकाची. जमाव अंगावर येत असेल तर तिथून हलण्याची सूटही त्याच कलमात आहे. पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच, उशिरात उशिरा २४ तासांत, स्वतः जाऊन सांगायचं. गाडीत बसल्या बसल्या ११२ लावला तरी वेळेची नोंद राहते.

आणि एक अट तुमच्या बाजूने घाला. पेन्शनचं खातं जॉइंट असू द्या आणि ट्रकच्या खर्चाचं वेगळं. भत्त्याचे पैसे आणि घरचे पैसे एका खिशात गेले की ढाब्यावरच्या शेवभाजीचाही हिशेब लागत नाही.

पत्र तिसरं

मी इन्फंट्रीत नाईक, ट्रेड ड्रायव्हरचा नाही. मोटरसायकल सोडून काही चालवलं नाही. दोन वर्षांनी पेन्शनवर येईन. ट्रकलाईनीत यायचं आहे. उशीर झालाय का? — चोपडा

उत्तर

नाही झाला, पण आजच सुरू करा. मोठ्या गाडीच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी हलक्या मोटारीचं लायसन वर्षभर हातात असावं लागतं. म्हणजे पुढच्या सुट्टीत कारचं काढा, पेन्शन येईपर्यंत ते वर्ष आपोआप भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की हलक्या मोटारीच्या लायसनवर एकूण ७५०० किलो वजनापर्यंतची मालगाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. सुरुवात तिथूनच करा. चोपड्याहून जळगाव मार्केटला भाजी, अडावद-धानोऱ्याची केळी गोदामापर्यंत, असं छोट्या गाडीवर सहा-आठ महिने. आरसे वापरून मागे घेणं आणि अरुंद गल्लीत माल लावणं तिथे जेवढं शिकाल तेवढं हायवेवर कोणी शिकवणार नाही. मग मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून मोठ्या गाडीचं शिक्षण घ्या. त्यांचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र ट्रान्सपोर्ट लायसनच्या अर्जाला लागतं. स्कूल निवडताना फी नंतर विचारा, आधी विचारा की शिकवायची गाडी भरलेली असते की रिकामी.